समोरच्याला पटलं नाही, म्हणून खोटं?

(नांदूरघाट येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे नवी मागणी घेऊन आलेलो नाही. मागण्या जुन्याच आहेत आणि त्या तुम्हांला तोंडपाठ आहेत. बेळगाव, निपाणी, कारवार, भालकी हा मराठी मुलूख महाराष्ट्रात यावा, ही एक. गिरणीत हयात घालवलेल्या माणसाला मुंबईत हक्काचं घर मिळावं, ही दुसरी. आज बोलायचं आहे ते या मागण्यांवर मारल्या जाणाऱ्या एका टोमण्याबद्दल. लोक म्हणतात, "इतकी वर्षं ओरडताय. तुमचं म्हणणं खरं असतं, तर एव्हाना समोरच्याला पटलं नसतं का? ज्या अर्थी पटत नाही, त्या अर्थी खोट तुमच्याच म्हणण्यात आहे."

हा टोमणा वरून मोठा शहाणपणाचा दिसतो. तो ऐकून आपला चांगला कार्यकर्ता खाली मान घालतो आणि घरी जाऊन बसतो. म्हणून आज त्याचाच समाचार घेऊ.

तुम्ही कापड काढलेली माणसं आहात. तागा चांगला की वाईट हे कशावरून ठरतं? उजेडाला धरून बघायचं, धागा कुठं तुटलाय का, डाग पडलाय का, अर्ज बरोबर आहे का. गिऱ्हाईक काय म्हणतं त्यावरून ते ठरत नाही. गिऱ्हाइकाला भाव पाडायचा असतो. तो उत्तम तागाही हातात घेऊन नाक मुरडतो. त्यानं नाक मुरडलं म्हणून सूत कच्चं होत नाही. मुद्द्याचंही तसंच आहे. ज्याला मुद्दा मान्य केला की काहीतरी सोडावं लागतं, तो मान हलवणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. त्याच्या मानेवर आपल्या मुद्द्याचं वजन करायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर तागा तपासायचा!

हे नुसतं बोलणं नव्हे. या मातीतलाच दाखला घ्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, शिवारात मराठी, आणि सरकारी कामकाज मात्र उर्दूत. निजाम गेला तरी हैदराबाद राज्य राहिलं. ते मोडून तेलुगू, मराठी आणि कन्नड भाग आपापल्या भाषिक राज्यांना जोडा, असं स्वामी रामानंद तीर्थ सांगत होते. ते राज्य मोडू नये असं पंडित नेहरूंना वाटत होतं. मग फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग बसला. १९५५ साली त्याचा अहवाल आला. मराठवाड्याला हैदराबादमधून काढून मुंबई राज्याला जोडा, असं त्यानं सांगितलं. माणसाचा कारभार माणसाच्या भाषेत चालावा, हा मुद्दा आयोगाला इथं पटला.

आता पुढे ऐका. त्याच आयोगानं, त्याच अहवालात, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मात्र नाकारला. मराठी आणि गुजराती मिळून द्विभाषिक मुंबई राज्य करा आणि विदर्भ वेगळा ठेवा, असा सल्ला दिला. मुद्दा तोच, माणसंही तीच. नांदूरघाटला जो मुद्दा खरा, तो परळ-लालबागला पोचेपर्यंत खोटा कसा झाला? मुद्दा बदलला नव्हता. बदललं होतं ते एवढंच, की मराठवाडा हैदराबादमधून निघाल्यानं कुणाची तिजोरी हलत नव्हती आणि मुंबई दिल्यानं ती हलेल अशी धास्ती होती.

मुंबईबद्दल विरोधक काय म्हणत होते? म्हणत होते, मुंबई भांडवलानं उभी राहिली आणि भांडवल मराठी माणसाचं नाही. शहरात मराठी बोलणारे निम्म्यापेक्षा कमी. या आक्षेपांना उत्तर दिलं गेलं नाही असं कुणी म्हणू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालीच दार आयोगापुढे निवेदन ठेवलं. त्यात विरोधकांचे मुद्दे एकेक करून मांडले आणि एकेकाचा परामर्श घेतला. पुढे धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञानं आकडेवारीनिशी बाजू मांडली. आणि साध्या गिरणी कामगाराचं उत्तर तर याहून सोपं होतं. गिरणीला लागणारा कापूस वऱ्हाड-खानदेशातूनही येई. शहराला पाणी तानसा-वैतरणेचं. साचा फिरवणारी वीज खोपोली-भिवपुरीची. आणि साच्यावरचे हात कोकणातले आणि घाटावरचे. भांडवल आलं, हे कबूल! पण भांडवलाच्या मालकाची जात-भाषा बघून शहराचं राज्य ठरवायचं, तर कलकत्ता बंगालला ठेवता आलं नसतं.

या उत्तरानं विरोधक निरुत्तर झाले. पण त्यांना पटलं का? नाही. त्यांनी फक्त नकाराचं कारण बदललं. जरा मोजा. १९४८ साली दार आयोग म्हणाला, भाषेवर राज्यं करणं देशहिताचं नाही. १९४९ साली नेहरू, वल्लभभाई आणि पट्टाभी यांची समिती म्हणाली, आत्ता वेळ नाही आणि मुंबई तर महाराष्ट्राची नाहीच. १९५५ साली आयोग म्हणाला, द्विभाषिक करा. जानेवारी १९५६ मध्ये दिल्ली म्हणाली, मुंबई केंद्राच्या ताब्यात. ऑगस्ट १९५६ मध्ये दिल्लीच म्हणाली, विदर्भासकट मोठं द्विभाषिक. आठ वर्षांत पाच उत्तरं! मागणी मात्र पहिल्या दिवशी होती तीच. ज्याला आपलं कारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, त्याच्या मुद्द्यात खोट असते. ज्याला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणता येतं, त्याच्या नव्हे.

तरीही कुणी म्हणेल, "पण अखेर १ मे १९६० ला पटलंच की!" गड्यांनो, इथं फसू नका. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाऊंटनवर गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरावर माणसं हुतात्मा झाली. त्यांत तुमचे गिरणीतले भाऊ होते. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसला धूळ चारली. मग दिल्लीनं हिशेब केला आणि राज्य दिलं. हे पटणं नव्हे, हे परवडेनासं होणं. त्या एकजुटीचा आम्हांला अभिमान आहे. पण तिनं मुद्दा खरा झाला असं आम्ही म्हणणार नाही. मुद्दा १९४८ सालीही तितकाच खरा होता.

उलट बाजूही बघा. त्याच १९५७ साली आपल्या मराठवाड्यानं बहुतेक जागा काँग्रेसला दिल्या. म्हणून संयुक्त महाराष्ट्राचा मुद्दा दादरला खरा आणि केजला खोटा होता काय? आणि १९८२ आठवा. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार-बोनसाच्या जोडीला सवाल होता तो हा, की कामगाराच्या वतीनं कोण बोलणार हे कामगारानं ठरवायचं, की १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं? मालकांना ते पटलं नाही, सरकारला पटलं नाही. घरातली भांडी विकली गेली, गिरण्या बंद पडल्या, माणसं गावी परतली. पण त्या सवालाला न्यायाचं उत्तर कुणी दिलं? उपासमारीनं माणूस हरतो. सवाल तसाच उभा राहतो.

तेव्हा जिंकणं ही कसोटी नाही, हरणं नाही आणि विरोधकाची मान तर नाहीच. मग काय, आपल्याला पटलं म्हणजे खरं? तेही नाही! आपल्याच सभेत आपल्याच टाळ्या मिळवणं सर्वांत सोपं असतं. मुद्दा तपासायच्या तीन कसोट्या आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली. विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगल्या रीतीनं आपल्याला मांडता येतं का? त्याच्या सर्वांत बळकट आक्षेपाला उत्तर आहे का? त्याचा दुबळा मुद्दा उचलून त्यावर हशा पिकवणं हे पोरखेळ झालं.

दुसरी. ज्याचं यात काही जायचं-यायचं नाही, अशा माणसाला तो पटतो का? इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. समोरच्या गर्दीत सगळेच विरोधक नसतात. मुंबई गुजराती माणसालाही हवी म्हणून महाराष्ट्र नको, असं सांगत होते. पण ऑगस्ट १९५६ मध्ये द्विभाषिक जाहीर होताच अहमदाबादेत लोक रस्त्यावर आले आणि इंदुलाल याज्ञिकांच्या मागं उभे राहून त्यांनी स्वतःचं वेगळं राज्य मागितलं. गुजराती जनता आपली वैरी नव्हतीच. म्हणून बोलताना असं बोला, की पलीकडच्या रांगेतल्या साध्या माणसाच्या कानाला ते शिवी लागू नये.

तिसरी कसोटी सर्वांत कडक. तोच गज आपल्या अंगणात लावायची तयारी आहे का? सीमाप्रश्नात आपण म्हणतो, खेडं हा घटक धरा, भाषिक बहुमत बघा, सलगता बघा, लोकांची इच्छा बघा. मग जत-अक्कलकोटकडच्या कन्नड गावांचं काय? मुंबई राज्यानं १९५७ साली ८१४ गावं मागितली, तेव्हा त्याच तत्त्वानं आपल्याकडची २६० गावं देऊ केली. आपल्या मागणीचं खरं बळ त्या २६० गावांत आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि बेळगाव कर्नाटकाकडेच राहिलं. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बीड आणि भालकी १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. आज मध्ये सीमा आहे. समोरच्याला पटलं नाही, म्हणून तिथल्या मराठी माणसाचं म्हणणं खोटं ठरत नाही.

आणि घराचा प्रश्न? तोच गज लावा. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उठले. दीड लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. सोडतीत थोड्यांना मिळालं, बाकीचे वाट बघत म्हातारे झाले, कित्येक गेले. "मुंबईत जागा नाही," असं सांगतात. त्यांचा हा आक्षेप नीट ऐका, आणि मग शांतपणे विचारा: टॉवरला कुठून मिळाली? उत्तर आलं नाही, तर समजा, तागा उजेडाला धरून झाला. भोक कुठं सापडलेलं नाही.

समजूत घालणं सोडू नका. विरोधकाशीही बोला, शंभरदा बोला. पण त्याच्या होकाराची वाट बघत आपल्या खरेपणावर शंका घेऊ नका. गावोगाव जा, तीन कसोट्या लावा, जो मुद्दा टिकणार नाही तो आपणच टाकून द्या. जो टिकेल, तो मुलाबाळांच्या हाती द्या. मुद्दा खरा करायला एकजूट लागत नाही. खरा मुद्दा पदरात पाडून घ्यायला मात्र ती लागतेच.

जय महाराष्ट्र!