कंपन्यांचे संघ आणि आपली माती

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'शाळा ते सॉफ्टवेअर' असा विषय दिला होता. त्यावर बोलण्यासारखं फार नाही. इथून लोणेऱ्याला इंजिनिअरिंग, तिथून पुण्याला नोकरी आणि तेव्हापासून खुर्ची. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी कबड्डीवर बोलणार आहे. हसू नका. वर्गाच्या संघात मी कधीच नव्हते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गेली पस्तीस वर्षं मी सामने पाहते आहे आणि पाहणाऱ्यांचंही काही म्हणणं असतं.

आपल्या लहानपणी स्पर्धेच्या जाहिरातीवर दोन गट छापलेले असायचे. एक स्थानिक आणि दुसरा 'पुरुष व्यावसायिक'. स्थानिक म्हणजे आपली वाड्या-वाड्यांतली मंडळं. व्यावसायिक म्हणजे महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, रेल्वे, मुंबई पोलीस. ही नावं मला खेळामुळे आधी कळली. देना बँकेत पैसे ठेवतात हे नंतर कळलं.

भात कापून झालं की मैदानाची तयारी सुरू व्हायची. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, परत दाबायची. संध्याकाळी फक्कीने रेषा मारल्या की त्यावरून कुणी चाललं तर पोरं अंगावर धावून जायची. बांबूची गॅलरी, हॅलोजन आणि माईकवर एखादे गुरुजी. कंपनीचा संघ यायचा तो दुपारीच. खेळाडू कुणाच्या तरी ओटीवर टेकायचे, जेवायचेही तिथेच. रात्री मैदानात त्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव दिसायचं तेव्हा आम्हाला वाटायचं, दुपारी आपल्याकडे ताक प्यायला तोच हा!

आम्ही बायका-मुली एका बाजूला बसायचो. माझी आजी निरक्षर होती, पण तिला पकड कळायची. डावा कोपरा घोट्याला हात घालणार, हे ती चढाई सुरू होतानाच सांगायची. चढाईचा खेळाडू निदान रेषा ओलांडून आत गेला की सगळं मैदान गप्प व्हायचं आणि त्याचा दम ऐकू यायचा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज बारीक व्हायला लागला की समजायचं, आता हा परत फिरणार. पलीकडचे सातजणही तेच ऐकत असायचे आणि साखळी हळूच आवळायचे. आता चढाईला ३० सेकंद असतात, समोर घड्याळ असतं. आमच्या धंद्यात याला टाइमआउट म्हणतात. नियम चांगला आहे, पण पूर्वीचं घड्याळ माणसाच्या छातीत होतं आणि ते आजीलाही वाचता यायचं.

१९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पहिल्यांदा समावेश झाला. त्या स्पर्धेत भारताला एकच सुवर्णपदक मिळालं, ते कबड्डीचं. त्या संघात आपल्या महाराष्ट्राचे अशोक शिंदे होते. मी तेव्हा पाचवीत होते. अख्ख्या देशाच्या वाट्याला आलेलं एकमेव सोनं आपल्या खेळाचं, याचा अर्थ त्या वयातही कळला होता.

पण मला जी आठवण खरी महत्त्वाची वाटते ती पदकाची नाही, नोकरीची आहे. आमच्या वाडीतला एक दादा (त्याचं नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही) दहावीला दोनदा बसला होता. हनुमान उडी मात्र अशी मारायचा की दोन-दोन माणसांवरून मध्यरेषा गाठायचा. एका स्पर्धेत मुंबईच्या एका बँकेच्या लोकांनी त्याला पाहिलं आणि वर्षाच्या आत तो त्या बँकेत शिपाई म्हणून लागला. सकाळी सरावाला, दुपारी कामाला. पुढे परीक्षा देऊन क्लार्क झाला. गुडघा गेला तेव्हा तो तिशीचा होता. खेळ थांबला, पगार थांबला नाही. धाकट्या भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, कौलांच्या जागी स्लॅब हे सगळं त्या पगारातून झालं. 'व्यावसायिक' या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ हा होता.

ती दारं एकेक करून बंद झाली. खेळाडूंची कायम भरती आधीच आटत गेली होती. पुढे १ एप्रिल २०१९ला देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. ओटीवर ताक पिऊन कुणी निवड करत नाही.

मग २६ जुलै २०१४ला वरळीला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वात मोठी बोली होती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजार. २०२३च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त मिळाले. जुन्या माणसांत बसलं की प्रो कबड्डीला नावं ठेवायची पद्धत आहे. मी ठेवत नाही. तिसरी चढाई 'करो या मरो' केली हे उत्तमच झालं. पूर्वी पाच गुणांनी पुढे असलेला संघ शेवटची दहा मिनिटं नुसता मध्यरेषेवर फिरून यायचा आणि आपण शेंगा खात बसायचो, ते विसरलात का? माझा मुलगा पुण्यात वाढला, त्याला मैदानातली माती माहीत नाही, पण यू मुंबाकडून खेळलेल्या इराणच्या फझल अत्राचलीची घोट्याची पकड तो सोफ्यावर करून दाखवतो. आजी असती तर तिने फझलला पास केलं असतं.

माझी तक्रार एकच आहे. लिलाव एका हंगामाचा असतो, गुडघा मात्र जन्माचा. आणि तिथवर पोचणारी पोरं मोजकी. बाकीच्यांसाठी मधली पायरी राहिलेली नाही.

म्हणून आता मुद्द्यावर येते. बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं, यावर आपल्या ग्रुपवर दोन महिने चर्चा चालली आहे. कमान, वॉटर कूलर, प्रोजेक्टर. माझी सूचना आहे की कबड्डीची मॅट द्यावी. मातीच्या आठवणींवर एवढं बोलून ही मॅट मागते, असं काहींना वाटेल. पण वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात, बूट घालून. अनवाणी मातीत शिकलेलं पोर तिथे पहिल्यांदा वळतं तेव्हा पाय मातीसारखा घसरत नाही, जागच्या जागी रुततो आणि घोटा किंवा गुडघा मुरगळतो. निवड चाचणीत पहिल्या पाच मिनिटांत ते बाद होतं. प्रमाणपत्र नाही, म्हणजे त्या ५ टक्क्यांतही जागा नाही. २०१८ला जकार्तात सात सुवर्णपदकांनंतर पहिल्यांदा आपला पुरुष संघ इराणकडून उपांत्य फेरीत हरला. खेळ आपल्या मातीतला आहे, एवढ्यावर आता कुणी गुण देत नाही.

हिशेब सोपा आहे. मैदान १३ बाय १०, म्हणजे १३० चौरस मीटर, कडेची जागा धरून आणखी थोडं. एकमेकांत बसणारे तुकडे असतात, पोरं स्वतः घालतात, स्वतः उचलतात. आपल्याकडचा पाऊस बघता ठेवायला कोरडी खोली लागेल, ती मुख्याध्यापकांनी द्यायचं मान्य केलं आहे. मातीचं मैदान आहे तसंच राहील, लहान वर्ग त्यावरच खेळतील. आणि मॅटवर मुलींच्या सरावाचे दिवस वेगळे ठरलेले असावेत, नाहीतर ती त्यांच्या वाट्याला कधीच येणार नाही, हे इथल्या बाईंना सांगायला नको.

कमानीवर आपल्या बॅचचं नाव येतं, मॅटवर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना नाव हवंच आहे त्यांनी ते खोलीच्या दारावर घालावं. वर्गणीची वही मागे, पाण्याच्या पिंपाजवळच्या टेबलावर ठेवली आहे. मुंबईकरांनी बसची घाई करण्याआधी तिकडे जाऊन यावं.