पाहिलं ते सांगा, वाटलं ते नको

 

आज बोलायचं आहे ते हरवलेल्या माणसाबद्दल. घरातलं माणूस हरवलं की घरचे शोधतात, पोलीस शोधतात. आता तिसरेही शोधणारे निघाले आहेत. त्यांच्या हातात मोबाइल असतो. घरी बसून फोटो बघायचे, बातम्या वाचायच्या, नकाशा उघडायचा आणि "असंच झालं असणार" म्हणून साऱ्या जगाला सांगायचं. अशा हौशी गुप्तहेरांनी एका कुटुंबाचं काय केलं ते आधी ऐकू या. गोष्ट लांबची आहे, इंग्लंडमधली, पण ऐकताना तुम्हाला आपलाच पार आणि आपलाच पाणवठा दिसेल.

इंग्लंडच्या वायव्य भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तिथं वायर नदीच्या काठी सेंट मायकल्स ऑन वायर हे लहानसं गाव. 27 जानेवारी 2023, शुक्रवारची सकाळ. 45 वर्षांच्या एका आईनं आपल्या दोन मुलींना शाळेत सोडलं. एक सहा वर्षांची, एक नऊ. मग ती कुत्र्याला घेऊन रोजच्यासारखी नदीकाठी फिरायला गेली. त्या बाईचं नाव तेव्हा जगभर छापून आलं. आम्ही ते इथं घेत नाही. तिच्या मुली अजून लहान आहेत, आणि आपल्याला जे शिकायचं आहे त्याला नाव लागत नाही.

नऊच्या सुमाराला ती मोबाइलवरून कामाच्या मीटिंगला जोडली गेली. नऊ वाजून दहा मिनिटांच्या आसपास एकानं तिला शेताच्या बाजूला पाहिलं. साडेनऊनंतर दुसऱ्या कुणाला तिचा फोन नदीकाठच्या बाकड्यावर सापडला. मीटिंग संपली होती, पण तिचा फोन तिथून बाहेर पडलेला नव्हता. कुत्रं जवळच मोकळं फिरत होतं. त्याचा पट्टा जमिनीवर पडला होता. बाई मात्र कुठंच नव्हती.

पोलिसांचा अंदाज पहिल्यापासून होता की ती नदीत पडली असावी. पाणबुडे उतरले, बोटी फिरल्या, वरून हेलिकॉप्टर आणि ड्रोन गेले. तरी काही सापडेना. दिवस जाऊ लागले, तशी लोकांची जीभ सैल सुटली.

पुरावा हातात किती होता? एक फोन, एक पट्टा, एक कुत्रं. पण त्यावर वाद किती! कुणी म्हणालं, कुत्रं कोरडं होतं, म्हणजे बाई पाण्यात गेलीच नाही, नाहीतर कुत्र्यानं मागून उडी मारली असती. कुणी म्हणालं, फोन बाकड्यावर नीट कसा राहिला, तो कुणीतरी मुद्दाम ठेवला असणार. नदीपलीकडे एक पडकं घर होतं, लगेच संशय त्या घरावर. रस्त्यानं एक जुनी लाल गाडी गेली म्हणे, मग संशय त्या गाडीवर. नदीच्या पाण्याची माहिती असणाऱ्या एका खाजगी पथकानं काही दिवस शोध घेतला आणि त्या भागात ती नाही असं ठामपणे सांगितलं. मग काय, तर्काला पंखच फुटले. आणि शेवटी सगळी बोटं वळली ती नवऱ्यासारख्या तिच्या जोडीदाराकडे, त्या दोन मुलींच्या बापाकडे. टीव्हीवर बोलताना त्याचा चेहरा कसा होता, तो रडला का नाही, यावरून लोकांनी त्याला दोषी धरलं.

एवढ्यावर थांबलं नाही. परगावचे लोक कॅमेरे घेऊन त्या गावात आले. नदीकाठी, पडक्या घराभोवती, लोकांच्या दारांपाशी चित्रीकरण करून टिकटॉकवर टाकू लागले. ज्यांचा काही संबंध नव्हता अशा गावकऱ्यांवर संशय घेतला गेला. शेवटी गर्दी पांगवायचे अधिकार पोलिसांना वापरावे लागले. म्हणजे ज्यांनी शोधायचं, त्यांचाच वेळ बघ्यांना आवरण्यात जाऊ लागला.

19 फेब्रुवारीला, म्हणजे 23 दिवसांनी, नदीकाठी चालणाऱ्या दोघांना वेताच्या बेटात मृतदेह दिसला. बाकड्यापासून खालच्या अंगाला, दीड किलोमीटरच्या आसपास. तो तिचाच होता. आणि त्या वेळीसुद्धा एकानं मृतदेह बाहेर काढतानाचं चित्रीकरण करून लोकांपुढं टाकलं.

जून महिन्यात मृत्यूची रीतसर चौकशी झाली. तिकडं अशा चौकशीला कोरोनर नावाचा अधिकारी असतो. डॉक्टर आले, नदीत उतरणारे पोलीस आले, घरची माणसं आली, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. निकाल असा लागला की ती चुकून पाण्यात पडली आणि बुडून गेली. जानेवारीतलं पाणी बर्फासारखं थंड. तशा पाण्यात एकदम पडलं की अंगाला जोराचा झटका बसतो, माणूस आपोआप धाप घेतं, आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. पोहता येणाऱ्यालाही मग वेळ मिळत नाही. यात दुसऱ्या कुणाचा हात असल्याचा पुरावा नव्हता. तिनं जीव दिला असंही काही दिसलं नाही.

आता बघा, कोरडं कुत्रं खरंच होतं. बाकड्यावरचा फोन खरा होता. पडकं घरही खरं होतं. वस्तू खऱ्या होत्या, त्यांच्यापासून काढलेला अर्थ खोटा निघाला. कुत्रं कोरडं याचा अर्थ एवढाच की कुत्रं पाण्यात गेलं नाही. बाईचं काय झालं ते कुत्र्याच्या अंगावर लिहिलेलं नव्हतं. मधल्या काही मिनिटांत काय घडलं हे कुणीच पाहिलेलं नव्हतं, आणि ती रिकामी जागा प्रत्येकानं आपापल्या मनातलं घालून भरली.

मृतदेहाची ओळख पटल्यावर घरच्यांनी जे सांगितलं ते ऐकून काळजात चर्र होतं. त्यांचं म्हणणं असं की, तुमच्या बाबांवर लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी संशय घेतला होता, हे एक दिवस आम्हाला त्या मुलींना समजावून सांगावं लागेल. आई गेली ती नदीनं नेली. पण बापावरचा हा डाग माणसांनी लावला.

यात पोलिसांचाही वाटा आहे, तोही सांगायला हवा. शोध चालू असताना पोलिसांनीच तिच्या तब्येतीच्या खाजगी गोष्टी लोकांपुढं मांडल्या. दारूचा त्रास आणि पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारी, असं सगळं बोलून टाकलं. मैत्रिणींनो, हा त्रास आपल्यातल्या कितीजणींना आहे? उद्या आपल्यापैकी कुणी सापडेनाशी झाली, तर आपल्या पाळीची चर्चा गावभर व्हावी का? या प्रकरणाचा नंतर स्वतंत्र आढावा घेतला गेला, आणि ही माहिती उघड करणं टाळता आलं असतं, त्याची गरज नव्हती, असं त्या आढाव्यात स्पष्ट म्हटलं गेलं.

मग सामान्य माणसानं मदत करूच नये का? करावी, जरूर करावी. अमेरिकेत 2021 साली एक तरुण मुलगी गाडीनं प्रवासाला गेली असताना बेपत्ता झाली. त्याच भागात फिरायला गेलेल्या एका कुटुंबाच्या कॅमेऱ्यात तिची गाडी रस्त्याकडेला उभी असलेली टिपली गेली होती. नंतर त्यांना ते दिसलं. त्यांनी ते चित्रीकरण तपास करणाऱ्यांना दिलं आणि शोधाला जागा मिळाली. त्याच परिसरात पुढं तिचा मृतदेह सापडला. त्या कुटुंबानं दिली ती डोळ्यापुढची गोष्ट: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, ही गाडी. कुणी मारलं, का मारलं, यावर त्यांना बोलायची गरज पडली नाही. मदत आणि लुडबूड यांतला फरक इथं आहे. पाहिलं ते सांगणं ही मदत. वाटलं ते पसरवणं ही लुडबूड.

आणि कधी कधी ती लुडबूड जीव घेते. 1 जुलै 2018 ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. आठवडी बाजारच्या दिवशी भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण लोकांना "तेच" वाटले. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. तिथंही कुणी काही पाहिलेलं नव्हतं. फक्त वाटलं होतं.

आता आपल्या उंबऱ्याकडे येऊ या. आपल्या गावात बाई किंवा वयात आलेली मुलगी घरी परतली नाही, तर पहिला प्रश्न कोणता निघतो? "कुणाबरोबर गेली?" ती कुठं आहे, बरी आहे का, तिला कुणी काही केलं तर नाही ना, हे प्रश्न मागून येतात, कधी येतही नाहीत. या एका प्रश्नामुळं घरचे तोंड लपवतात. अब्रू जाईल म्हणून पोलिसांत जात नाहीत, "दोन दिवस वाट बघू" म्हणतात. ती विहिरीत पडलेली असेल, फसवून नेलेली असेल, कुठं जखमी पडलेली असेल, तर तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात. नळावरच्या एका वाक्यानं तिचा जीव जाऊ शकतो.

म्हणून गटानं काय करायचं ते नीट लक्षात ठेवा.

तक्रार द्यायला 24 तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. असा नियम नाही. लगेच पोलीस ठाण्यात जायचं. घरची बाई एकटी जायला घाबरत असेल तर गटातल्या दोघी-तिघींनी सोबत जायचं. जाताना अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण, मोबाइल नंबर, आणि शेवटचं कुणी, कुठं, किती वाजता पाहिलं हे कागदावर लिहून न्यायचं. नोंद झाल्याची प्रत मागून घ्यायची. हरवलेलं मूल 18 वर्षांच्या आतलं असेल, मग मुलगा असो की मुलगी, तर "पळून गेली असेल" म्हणून पोलिसांनी परत पाठवायचं नाही. अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली सांगून ठेवलं आहे. तातडीला 112, मुलांसाठी 1098 आणि महिलांसाठी 181, हे तीन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावात चौकशी करताना प्रत्येकीला एकच विचारायचं: तू स्वतः डोळ्यांनी काय पाहिलंस? "अमकी सांगत होती" असं उत्तर आलं, तर त्या अमकीकडे जायचं. ती म्हणाली "तमकी सांगत होती", तर तमकीकडे. बऱ्याच गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या दाराशीच विरून जातात. जी टिकेल ती वेळेसकट लिहायची आणि पोलिसांना द्यायची. गावच्या ग्रुपवर टाकायची नाही.

मोबाइलवर हरवल्याचा निरोप आला तर पुढं ढकलण्याआधी खाली दिलेल्या पोलीस ठाण्याला फोन करायचा. ठाण्याचं नावच नसेल तर तिथंच थांबायचं. याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बायकांनीच समजून घ्यायला हवं. मारझोडीला कंटाळून घर सोडलेल्या बाईचा फोटो तिला मारणाराच "हरवली आहे, दिसल्यास कळवा" म्हणून फिरवू शकतो. आपण भाबडेपणानं पत्ता सांगायचो आणि तिला पुन्हा त्याच दारात ढकलायचो. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं निघाली असेल तर तिनं पोलिसांना तसं सांगितलं की पुरे. तिचा पत्ता गावाला कळलाच पाहिजे असं काही नाही.

आणि माणूस सापडलं, जिवंत असो वा नसो, की तिचा फोटो आणि निरोप आपल्या मोबाइलमधून काढून टाकायचा. ती परत आली तर "कुठं होतीस" विचारायला रांग लावायची नाही. चहा करून द्यायचा. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

मैत्रिणींनो, गटात आपण पैशाचा हिशेब किती काटेकोर ठेवतो! पावती नसेल तर रुपयासुद्धा वहीत चढू देत नाही. कुणाच्या लेकीबद्दल, कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलतानाही तेवढंच काटेकोर राहू या. पावती नाही, तर नोंद नाही. येत्या बैठकीत हा विषय घ्या, आणि सोबत जाणाऱ्या दोघी-तिघी कोण, त्यांची नावं आत्ताच ठरवून ठेवा.

नमस्कार.