ट्रंकेत सापडलेली बेटं

मागच्या वेळी आपण गटाच्या मालवणी मसाल्याच्या हिशेबाबद्दल बोललो होतो. आज त्याच मसाल्यातल्या जायफळाबद्दल बोलू या, पण एका नकाशाच्या निमित्ताने.

आमच्या गटातल्या एका काकींचे दोन हप्ते थकले होते. त्यांचे सासरे बोटीवर खलाशी. त्यांच्या ट्रंकेत तळाशी एक जुना रंगीत नकाशा निघाला. जुन्या वस्तू घेणाऱ्याने त्याचे दोन हजार सांगितले. "विकून टाका काकी, हप्ते सुटतील," असं आम्हीच म्हणालो. मग बैठकीत तो सतरंजीवर पसरला आणि हिशेबाची वही बाजूलाच राहिली.

नकाशा मोलुक्का बेटांचा. आजच्या इंडोनेशियाचा हा पूर्वेकडचा भाग. समुद्र निळा, बेटं फिकट पिवळी. भिंगातून पाहिलं तर एका किनाऱ्यावर पिवळा रंग रेषेबाहेर केसभर सरकलेला दिसला. हाताने रंग भरला असता तर तो कुठे गडद, कुठे फिका दिसला असता. हा होता दगडावरचा छापा. त्यात एकेका रंगाला वेगळा दगड लागतो आणि तोच कागद पाळीपाळीने प्रत्येक दगडावर दाबतात. कागद जरा हलला की रंग सरकलाच. आपल्या आजीच्या देवघरातली राजा रविवर्म्याची लक्ष्मी अशीच छापलेली. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

सेराम नावाच्या मोठ्या बेटाखाली मोहरी सांडल्यासारखे काही ठिपके आहेत. ती बांदा बेटं. (आपल्या सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे बरं का!) सतराव्या शतकात जगाच्या बाजारातलं जवळजवळ सगळं जायफळ या ठिपक्यांवरून यायचं. जायपत्रीही तिथलीच, कारण ती त्याच बीवरची लाल जाळी. बाळगुटीत आपण जे उगाळतो, पुरणात किसतो, त्याचं मूळ घर हे.

त्या जायफळासाठी १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर यान पीटरझोन कून फौज घेऊन तिथे उतरला. बेटांवर तेव्हा अंदाजे पंधरा हजार माणसं होती. वर्षभरात हजारेकच उरली असं सांगतात. कोणी मारले गेले, कोणी उपासमारीने गेले, कोणाला गुलाम करून नेलं, काही होडीने पळाले. बागांचे तुकडे पाडून कंपनीच्या लोकांना वाटले आणि बाहेरून गुलाम आणून राबवले. यातल्या रुन नावाच्या बेटावर इंग्रजांचाही दावा होता. ते असेल तीनेक किलोमीटर लांब. १६६७ च्या तहात रुन डचांकडे राहिलं आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे. आज न्यूयॉर्कच्या उंच इमारती आहेत ना, तेच मॅनहॅटन.

नकाशावर यातलं काही नाही. सगळ्या बेटांना एकच पिवळा रंग, कारण छापला तेव्हा सगळी डचांची होती. झाडं कोणी लावली, फळं कोणी वेचली, याला रंग नाही.

बांदाच्या आग्नेयेला काई नावाची बेटं दिसतात. पळालेल्यांपैकी काहीजण तिथे पोचले. त्यांच्या वंशजांच्या गावांत बांदाची जुनी बोली अजून बोलतात. खुद्द बांदावर ती राहिली नाही.

हे ऐकून काकींनी काईवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्यांचं माहेर कोयनेच्या धरणात गेलंय. "आमची बोली इथं आल्यावर पोरं हसायची," एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा विकण्याचं नाव आम्ही काढलं नाही.

हप्त्यांना बैठकीत ठराव करून तीन महिन्यांची मुदत दिली, दंड न लावता. ती आधीच द्यायला हवी होती. नकाशा विकायचा सल्ला देताना आम्हाला मुदतीची आठवण झाली नाही, हे कबूल करतो.

तुमच्याही घरी असा कागद निघाला तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सपाट ठेवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे कसर लागते, तेव्हा अधूनमधून उघडून बघा.

काकींचा नकाशा सध्या गटाच्या कपाटात आहे. आता जायफळ आपल्या कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही होतं. पुढच्या खरेदीला आम्ही थेट बागेत जाणार आहोत आणि काकी म्हणाल्यात, आपणही येणार.