साध्या वस्तूंचा संग्राहक : प्रभाकर बरवे
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीत एखाद्या ग्रंथकाराविषयी बोलावे, हा रूढ संकेत आहे. आज मी मात्र एका चित्रकाराविषयी बोलणार आहे. हा चित्रकार मराठीत विचार करणारा व मराठीत लिहिणारा होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की ग्रंथालय हा मुळात संग्रह आहे, आणि संग्रह म्हणजे काय याचा जितका सूक्ष्म विचार या चित्रकाराने केला, तितका फार थोड्यांनी केला असेल. त्यांचे नाव प्रभाकर बरवे.

बरवे यांचा जन्म १९३६ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नागाव येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून १९५९ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि १९६१ च्या सुमारास ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. चित्रकाराने विणकरांसाठी नोकरी करावी, हे ऐकून पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला कदाचित नवल वाटेल. परंतु शहापूर-वडगावच्या मागांचा आवाज ज्यांच्या कानांना परिचित आहे, त्यांना ते वाटू नये. हातमागाच्या कापडाला नव्या काळाला साजेशा आकृती मिळाव्यात म्हणून स्वातंत्र्यानंतर ही केंद्रे उभी राहिली, आणि के. जी. सुब्रमण्यन, अंबादास यांच्यासारखे पुढे मान्यता पावलेले कलावंत त्या कामात होते. बरवे यांनी तेथे सुमारे दोन दशके काढली.

या नोकरीने त्यांना काय दिले? मागावर आकृती उतरवायची तर ती ताण्या-बाण्याच्या शिस्तीत बसावी लागते. तेथे पसारा चालत नाही. आकार स्वच्छ हवा, कडा निश्चित हवी, आणि दोन आकारांमध्ये मोकळे राहिलेले कापडही आकृतीइतकेच बोलके हवे. काठ आणि पदर उठून दिसतात ते मधले अंग मोकळे राहते म्हणून, हे साडी विणणाऱ्याला सांगावे लागत नाही. बरवे यांच्या उत्तरकाळातील चित्रांसमोर उभे राहिले की हीच शिस्त प्रत्ययास येते. विस्तीर्ण, शांत अवकाश, आणि त्यात मोजक्या वस्तू. कोणी जपून ठेवाव्यात तशा.

नोकरीच्या निमित्ताने साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात ते काशीत होते. तेथे तांत्रिक परंपरेतील आकृतींशी त्यांचा परिचय झाला आणि काही वर्षे त्यांच्या चित्रांवर त्या चिन्हांची छाया राहिली. पुढे त्यांनी ती बाजूला ठेवली. मात्र एक गोष्ट त्यांच्याजवळ कायमची राहिली : साधा आकारसुद्धा एकाग्रतेने पाहिला, तर तो नुसता आकार राहत नाही, ही जाणीव. फरक एवढाच, की यंत्राच्या त्रिकोणाऐवजी आता ते टाचणीकडे, पानाकडे, किल्लीकडे, फळाकडे, शिंपल्याकडे, घड्याळाकडे तशा नजरेने पाहू लागले.

श्रोतेहो, बरवे यांच्या चित्रांतील वस्तूंची ही यादी पाहा. त्यात राजमुकुट नाही, रत्नहार नाही. जे आपल्या कोनाड्यात, फडताळात, परसात पडलेले असते, तेच आहे. त्यांनी वापरलेला रंगसुद्धा तसाच. अनेक कॅनव्हासांसाठी त्यांनी एनॅमल रंग निवडला. आपण दाराखिडक्यांना, बैलगाडीला, दुकानाच्या पाटीला जो ‘ऑईलपेंट’ लावतो, त्याच जातीचा हा रंग. तो वाहतो, सपाट बसतो, चकाकतो, आणि हाताच्या फटकाऱ्याची खूण मागे ठेवीत नाही. चित्रकाराच्या हाताची ऐट दिसू नये आणि वस्तू तेवढी दिसावी, असे ज्याला वाटते, त्याला हा रंग किती सोयीचा! ललित कला अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७६ मध्ये लाभला. परंतु त्यांची सामग्री घरगुतीच राहिली.

आता त्यांच्या संग्रहाविषयी. बरवे यांचा खरा संग्रह म्हणजे त्यांच्या दैनंदिन्या. तरुणपणापासून १९९५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते वह्या लिहीत राहिले. त्यांत ‘आज अमुक घडले’ अशा नोंदींपेक्षा आकार, वस्तू आणि अवकाश यांविषयीचे चिंतन अधिक, आणि त्याच्याच शेजारी छोटी रेखाटने. एखादी वस्तू दिसली, मनात रेंगाळली, तिचा आकार दुसऱ्या एखाद्या आकाराशी नाते सांगू लागला, की ते पानावर उतरायचे. त्यांतील काहींची पुढे चित्रे होत, काही तशीच राहत. नित्यनेमाने, कोणाला दाखवण्याचा हेतू न ठेवता केलेली ही साठवण आहे. प्रतिभा ही वीज चमकावी तशी चमकते, असे आपण वाङ्मयाच्या वर्गात शिकवतो. या वह्या मात्र वेगळेच सांगतात. रोज थोडे पाहणे आणि पाहिलेले टिपून ठेवणे, ही प्रतिभेची मशागत आहे. न नांगरलेल्या शेतात पाऊस कितीही पडला तरी तो वाहूनच जातो.

येथे आणखी एका संग्राहकाची आठवण होते. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. या कवीने पुढे आयुष्यभर वस्तू जमविल्या, आणि त्याही नित्याच्या वापरातल्या : दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, वज्री, फण्या, कोरीव दारे. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच गेला. त्याच्या नावाने उभे राहिलेले ते संग्रहालय पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. आज त्या संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. राजेरजवाड्यांची शस्त्रे गोळा करणारे पुष्कळ असतात. सामान्य गृहिणीच्या अडकित्त्यातही कला असते, हे केळकरांनी ओळखले.

केळकर आणि बरवे यांच्या वाटा भिन्न आहेत. केळकरांनी वस्तू घरी आणली; बरवे यांनी ती मनात आणली. केळकरांनी तिचे वय, गाव आणि घडण जपली. बरवे यांनी तिच्यावरून वय आणि गाव पुसून निखळ आकार जपला. तरीही दोघांच्या मुळाशी एकच गुण आहे. ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, त्याच्याकडे लक्ष देणे. संग्रहाची किंमत वस्तूंच्या संख्येवर किंवा मोलावर ठरत नाही. ती या लक्ष देण्यावर ठरते. एरवी अडगळीची खोलीही संग्रहालय ठरली असती.

मराठी वाचकाने बरवे यांचे ऋण मानावे असे आणखी एक कार्य आहे. १९९० साली त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आधुनिक चित्रकलेची चर्चा आपल्याकडे बहुतांशी इंग्रजीत चालते. अशा वेळी त्या चळवळीतील एका अग्रणी चित्रकाराने आपल्या निर्मितिप्रक्रियेचा विचार मराठीत मांडला. त्याचा इंग्रजी अनुवाद यायला २०१३ साल उजाडले. म्हणजे एखाद्या खेड्यातील वाचनालयात बसणाऱ्या मराठी वाचकाला जे तेवीस वर्षे आधी उपलब्ध होते, ते इंग्रजी वाचणाऱ्या जगाला नंतर मिळाले. मातृभाषेतील वाचक नेहमी मागेच असतो, असे कोण म्हणेल?

परंतु याची दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरवे यांच्या चित्रांचे आणि दैनंदिन्यांचे मोठे प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकर यांच्या भाषणात व्यत्यय आणला गेला, त्याची बातमी देशभर झाली, चर्चा झडली. तो वाद अनेकांच्या स्मरणात आहे. ज्याच्या प्रदर्शनात तो घडला, त्या चित्रकाराचे नाव मात्र फार थोड्यांना सांगता येईल. गलबला ध्यानात राहतो, शांत वस्तू राहत नाही. बरवे यांनी जन्मभर ज्या प्रवृत्तीविरुद्ध चित्रे काढली, तीच ही.

मित्रहो, आता राजहंसगडाच्या छायेतील आपल्या गावाकडे वळतो. येळ्ळूरचा शिवार भाताचा, आणि आमचा बासमती नावाजलेला. हे भात कशाने मोजले जाई? दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप मागल्याच्या दुप्पट. शाळेची पायरी न चढलेली आजी या मापांवर सगळा हिशेब करीत असे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, ते योग्यच झाले; पण त्याबरोबर ही मापे माळ्यावर गेली आणि माळ्यावरून मोडीत गेली. जाते, उखळ, कणगी, इरले, मोट यांचेही तेच झाले.

वस्तू गेली की तिच्यामागून शब्द जातो. शब्द गेला की म्हण निरर्थक होते, ओवी अडखळते, आणि शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक नातवाला परके वाटू लागते. या वाचनालयाने शंभर वर्षे पुस्तके सांभाळली. पण त्या पुस्तकांतील शब्द ज्या वस्तूंवर उभे आहेत, त्या वस्तू जर कोणी पाहिल्याच नसतील, तर कपाटातील ग्रंथ शाबूत असूनही अर्थ गळून गेलेला असेल. सीमाभागात मराठीची चिंता आपण मोठ्या आवाजात करतो, आणि ती करण्यास कारणेही आहेत. तथापि भाषा आधी उंबऱ्याच्या आतून ओसरते, याकडे आपले लक्ष किती असते?

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने माझी एक विनंती आहे. इमारत, देणगी, दालन यांपैकी काहीही मी मागत नाही. वाचनालयाने एक वही घालावी. दाखलनोंदवहीत जसा प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो, तसा या वहीत प्रत्येक वस्तूला एक पान. पानावर वस्तूचे नाव, ती कशाची केलेली, कोण वापरीत असे, तिच्यावरची म्हण, आणि एखाद्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने काढलेले तिचे चित्र. शेजारी तिचे कानडी नावही असावे. जात्याला बीसुकल्लू म्हणतात, मुसळाला ओनके म्हणतात, हे आपल्या आयाबायांना ठाऊक असतेच. एका वस्तूला दोन नावे असणे ही या प्रदेशाची दौलत आहे, तिचा संकोच कशाला? वृद्ध सभासदांनी सांगावे, मुलांनी लिहावे. केळकरांप्रमाणे वस्तू आणणे आपल्याला जमणार नाही, बरवे यांच्याप्रमाणे तिचे चित्र करणेही जमणार नाही. परंतु रोज एका वस्तूकडे नीट पाहून चार ओळी लिहिणे कोणाला जमणार नाही?

बरवे यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात कॅनव्हासला ‘कोरा’ म्हटले. कोरेपण ही त्यांना उणीव वाटली नाही. तेथूनच त्यांचे पाहणे सुरू होई. आपल्या वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाचे पहिले पानही आज कोरे आहे. त्यावर पहिली नोंद निळव्याची होवो, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.