मोर, साप आणि लीलावती

आपण बऱ्हाणपूरहून भुसावळकडे निघालेल्या आगगाडीत बसला आहात आणि शेजारच्या रुळांवरून दुसरी गाडी त्याच दिशेने, त्याच वेगाने धावत आहे, अशी कल्पना करा. खिडकीतून पाहता ती जागच्या जागी उभी आहे असे भासेल. झाडे मात्र मागे पळतील. गती ही नेहमी कोणाच्या तरी अपेक्षेने सांगावी लागते. तिलाच सापेक्ष गती म्हणतात.

याच बऱ्हाणपुरात १५९१ साली अकबराचा वकील म्हणून कवी फैजी आला होता. त्याआधी चार वर्षे, १५८७ मध्ये, त्याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे फारसी भाषांतर सिद्ध केले होते. ११५० साली रचलेल्या या ग्रंथात पाठलागाचे एक सुरेख उदाहरण आहे.

नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत असता मोर त्यावर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखाच. तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल?

आचार्यांची रीत सोपी आहे. ९ चा वर्ग ८१. त्यास २७ ने भागले की ३. ते २७ मधून वजा करून उरलेल्या २४ चे निम्मे १२. हेच उत्तर होय. दोघेही १५ हात जातात.

आता हाच प्रसंग सापाच्या दृष्टीने पाहू. आरंभी मोर ९ हात वर आणि २७ हात पुढे आहे. दोघे पाच-पाच हात गेले की तो ६ हात वर आणि १८ हात पुढे असतो. दहा हातांनंतर ३ आणि ९. प्रमाण सदैव एकास तीन! म्हणजे सापाला मोर मुळी सरकताना दिसतच नाही. तो एकाच दिशेला राहून केवळ मोठा मोठा होत जातो.

याउलट, साप ज्या क्षणी जिथे असेल तिकडेच सतत तोंड वळवणारा मोर घ्या. त्याची वाट वाकडी होते. दोघांतील अंतर जितके घटते, नेमका तितकाच तो सापाच्या वाटेवर मागे पडतो. त्यामुळे अंतर सात दशांश हातांहून कमी कधीच होत नाही. वेग तोच, पण हा मोर उपाशी राहतो!

हा केवळ पाटीवरचा खेळ नव्हे. आपण सरळ रस्त्याने चौकाकडे जात आहात आणि आडव्या रस्त्याने येणारे वाहन आपल्या नजरेत एकाच जागी स्थिर राहून मोठे होत आहे, असे दिसले तर तत्काळ वेग आवरावा. जे सरकत नाही त्याकडे आपले लक्ष जात नाही, आणि नेमकी त्याच्याशीच आपली टक्कर व्हायची असते. सापाला जे उमगले नाही, ते आपण ध्यानी ठेवावे.