लांडगा कुणी पोसायचा?



सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावर लांडगा आहे. त्याच्यावरून आपल्यातच दोन तट पडतात. धनगर म्हणतो, 'वाघरीतून मेंढरं नेतो, बंदोबस्त करा.' ज्वारीवाला म्हणतो, 'लांडगा कणसं खात नाही. कणसं खाणाऱ्या काळविटाला तोच धरतो.' दोघंही खरंच बोलतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात लांडगा आणि काळवीट दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. मारला तर आपण गुन्हेगार. मेंढरू गेलं तर सरकारी भरपाई आहे; पण ती पंचनाम्यावर. धनगराचा तळ आज इथं, उद्या पुढच्या गावी. त्यानं हेलपाटे किती घालायचे? लांडग्यानं ओढून नेलेल्या कोकराचा पुरावा कुठून आणायचा?

आमचं म्हणणं सरळ आहे. लांडगा राहू द्या. पण तो देशाची संपत्ती असेल, तर त्याला पोसण्याचा खर्च एकट्या मेंढपाळाच्या माथी का? भरपाई पूर्ण बाजारभावानं, वेळेत आणि तळावर मिळाली पाहिजे.

तोवर मढ्यात विष घालू नका. त्यानं आपलीच राखणीची कुत्री मरतात. आपसात भांडूही नका. हिशेब मागायचा तो कायदा करणाऱ्याकडे.