भाकरी, डाळ आणि पालेभाजी



भाकरी, डाळ व पालेभाजी यांस गरिबाचे जेवण म्हणून कमी लेखण्याची प्रवृत्ती वाढत आहे. आहारशास्त्र मात्र या जेवणाचा गौरवच करते. धान्याच्या प्रथिनांत लायसिन कमी, तर डाळीत ते विपुल असते. डाळीतील मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अख्ख्या धान्यातील कोंडा व भाजीतील चोथा यांमुळे कोठा साफ राहतो. अशा आहाराने पुढील वयात हृदयविकार व मधुमेह यांचा धोकाही कमी होतो.

तथापि, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. ती पिढी आज प्राथमिक वर्गांत बसली आहे. रक्तक्षय झालेले मूल आळशी नसते, थकलेले असते. पेंगणाऱ्या मुलास रागे भरण्यापूर्वी त्याच्या ताटाची विचारपूस व्हावी.

वनस्पतिजन्य लोह सहज शोषले जात नाही. भाजीवर लिंबू पिळल्यास ते अधिक अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा त्यास अडवितो. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसते; त्यासाठी दूध, दही वा अंडे यांची जोड हवी.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ती ताटात पडते काय आणि पोटात जाते काय, हे शिक्षक पंक्तीस बसल्यानेच कळेल. शाळेच्या परसबागेत एक शेवगा व एक लिंबू अवश्य असावे.